नीट बसतंय ना?

कारखान्यात तिला सगळे चोवीस मावशी म्हणत. खरं नाव मस्टरवर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

गोळी अडवणारं जॅकेट आतून कापडाचं असतं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आधी हसतो. त्याला वाटतं लोखंड असेल, पत्रा असेल. पण मावशीच्या टेबलावर यायचं ते कापडच, पिवळंधमक, हाताला गुळगुळीत आणि किंचित थंड. कंपनीच्या कागदांत त्याचं लांबलचक नाव होतं, कामगार त्याला नुसतं ‘पिवळं’ म्हणत. साधी कात्री त्याला चघळायची, कापायची नाही. त्यासाठी बारीक दातांच्या वेगळ्या कात्र्या होत्या आणि त्याही महिन्याभरात बोथट व्हायच्या. या कापडाचे वैरी दोनच, ऊन आणि पाणी. उन्हात राहिलं की पिवळं तांबूस होतं आणि त्याचा जीव जातो. ओलं झालं की गोळीला वाट देतं. म्हणून कापणीखात्याच्या खिडक्यांना काळा रंग मारलेला होता. एकोणतीस वर्षं मावशीने कामाच्या वेळेत ऊन पाहिलं नव्हतं.

एकावर एक असे चोवीस थर रचायचे, कडेला टाके घालायचे, मग तो गठ्ठा काळ्या जलरोधक पिशवीत घालून पिशवीची कड गरम यंत्राने चिकटवून टाकायची. एकदा पिशवी बंद झाली की आत सुई जाता कामा नये. एक भोक पडलं तरी घाम आत शिरतो. हे मावशी प्रत्येक नवीन मुलीला पहिल्या दिवशी सांगायची, दुसऱ्या दिवशी विचारायची आणि तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीमागे उभी राहून बघायची.

थर मोजायची तिची पद्धत तिची होती. गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा, पत्त्यांचा जोड पिसताना फिरतो तसा, आणि आकडा सांगायचा.

“तेवीस आहेत.”

“मावशी, मी दोनदा मोजलेत!”

“मग माझा अंगठा खोटं बोलतोय का? उलगड.”

उलगडल्यावर तेवीसच निघायचे.

कधी दुरुस्तीच्या बाकावर माणूस कमी असला की मावशीला तिकडे बसवत. वापरलेली जॅकेटं तपासणीला परत यायची. तिथे तिची करमणूक व्हायची. काही महिने अंगावर राहून गठ्ठ्याला अंगाचा बाक येतो. जॅकेट बाकावर उताणं ठेवून मावशी त्यावर दोन्ही तळवे फिरवायची आणि सांगायची, “हा डावरा आहे. उजवीकडचा पट्टा बघ कसा ओढलाय. आणि हा दिवसभर बसून असतो, पोटाशी ही घडी दिसली का? हा मात्र उभा राहणारा. ताठ आहे बिचारा.”

“मावशी, तुम्ही लग्नं जुळवा,” खात्याचे साहेब म्हणायचे. “माणूस न बघता गुण सांगता.”

“स्वतःचं जुळवायला वेळ झाला नाही, लोकांची कुठे जुळवू?”

ते खरंच होतं. वेळ झाला नव्हता. ती एकोणीस वर्षांची असताना आई गेली, आणि वर्षाच्या आत वडील. मागे राहिला आठ वर्षांचा भाऊ. त्याला ती बारक्या म्हणायची. पुढे तो तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला, त्याला मिशा आल्या, बायको आली, तरी तो बारक्याच राहिला. सकाळी शाळेत जाताना ती त्याची हनुवटी डाव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरायची आणि उजव्या हाताने त्याचे केस विंचरायची. हनुवटी सुटेपर्यंत त्याला मान हलवता यायची नाही. तेवढ्या वेळात ती सगळं विचारून घ्यायची. अभ्यास केलास का, पाटी घेतलीस का, काल कोणाशी मारामारी केलीस. तो दाबलेल्या तोंडाने “हो आक्का, नाही आक्का” करत राहायचा.

बारक्याने दोन-तीन धंदे करून बघितले, एकही जमला नाही. शेवटी पैशांच्या पेट्या नेणाऱ्या गाडीवर रक्षक म्हणून लागला. पहिल्या दिवशी तो जॅकेट घेऊनच घरी आला आणि ते आक्कासमोर टेबलावर टाकलं.

“बघ, कोणाच्या हातचं आहे?”

मावशीने आतली चिठ्ठी उलटी करून पाहिली. कारखाना तिचाच. टेबल सात नंबर, तेही तिचंच. भावजय टाळ्या वाजवून हसली. मावशीने गठ्ठ्याच्या कडेवर पिशवीवरूनच अंगठा दाबून पाहिला. इतकी वर्षं तिने थर मोजले होते ते कोणाच्या तरी छातीसाठी. त्या कोणाला तरी चेहरा नव्हता.

त्या दिवसापासून तिला चोवीस कमी वाटू लागले.

याला कारण चाचणीची खोली. कारखान्याच्या मागच्या बाजूला ती होती. तिथे ओल्या मातीच्या ठोकळ्यावर जॅकेटचा गठ्ठा बांधत आणि त्यावर गोळी झाडत. मग गठ्ठा सोडून मातीत किती खोल खड्डा पडला ते मोजत. खड्डा ठरलेल्या मापाच्या आत असला की माल पास. मावशीने तो खड्डा एकदा पाहिला होता. गोळी चोवीस थरांतच अडकली होती, बाहेर आली नव्हती, तरी मातीत अंगठ्याचं एक पेर जाईल एवढी खोबण होती.

“अहो, पण गोळी थांबली ना?” तिने तिथल्या तपासनिसाला विचारलं होतं.

“थांबली.”

“मग हे काय?”

“हा धक्का, मावशी. तो कुठे जाणार? मापात आहे, माणूस जगतो.”

मावशीला रोज ती माती आठवू लागली. बारक्या जेवायला बसला की तिची नजर त्याच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर जायची.

एक दिवस तिने साहेबांकडे कापणीतले उरलेले तुकडे मागितले. बसायला गादी करते म्हणाली. एवढ्या वर्षांत मावशीने काही मागितलं नव्हतं, साहेबांनी लगेच दिले. घरी तिने त्यातून छातीच्या मापाचे आठ थर कापले, कडेने शिवले, आणि जॅकेटच्या आतल्या अस्तराला एक खिसा लावून ते पुडकं त्यात सरकवलं. खिसा शिवताना सुई खालच्या काळ्या पिशवीला लागू नये म्हणून मधे पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा धरला होता. मग बारक्याला स्वयंपाकघराच्या मधोमध उभं केलं.

“हात वर कर. सरळ उभा राहा. हसू नकोस.”

“गुदगुल्या होतात.”

“दोन पोरांचा बाप होण्याच्या वयात गुदगुल्या होतात म्हणे. नीट बसतंय ना?”

“बसतं की, आक्का.”

“हालतंय का कुठे?”

“अगं, आता मीच हालत नाही, ते कुठे हालणार! बायको, ये, ठोसा मारून बघ. आयुष्यात पुन्हा संधी मिळायची नाही.”

भावजयीने खरंच एक ठोसा मारला आणि हात झटकत बसली. तिघंही पोट धरून हसली. मावशीने पट्टे अजून एकेक बोट आवळले आणि मागे सरून पाहिलं. उभ्या माणसाला ते झकास बसलं होतं.

पुढे रोज सकाळी बारक्या दारात उभा राहून जॅकेट चढवायचा. पट्ट्यांचा चर्र आवाज झाला की मावशी आतून विचारायची, “नीट बसतंय ना रे?” आणि तो म्हणायचा, “बसतंय, आक्का.” मग ती कामावर जायला निघायची. असं सात महिने चाललं.

ते घडलं दुपारी बाराच्या सुमाराला, एका दुकानाच्या पायरीवर. दोघं जण मोटारसायकलवरून आले. पेटी नेता आली नाही, पण जाताना त्यांनी पिस्तुलातून एक गोळी झाडली, ती बारक्याच्या छातीत शिरली.

मावशी कारखान्यातून तशीच धावत इस्पितळात पोचली. केसांत पिवळे धागे अडकलेले होते. भावजय बाकावर बसली होती. गाडीचा ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता. तो बारक्याचा दोस्त, घरी येणारा-जाणारा, तिला आक्काच म्हणायचा. मावशीने ‘कसा आहे’ असं विचारलं नाही. दोघांचे चेहरे बघून ते विचारायचं कारणच उरलं नव्हतं. तिने विचारलं, “जॅकेट होतं ना अंगावर?”

ड्रायव्हरने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने मान खाली घातली.

“होतं, आक्का,” तो म्हणाला. “अंगावर होतं.”

मावशी तिथेच फरशीवर बसली.

चोवीस आणि आठ, बत्तीस. बत्तीस थरांतून गोळी गेली, असं होत नाही. तसल्या पिस्तुलाची तर नाहीच. म्हणजे कापड मेलेलं होतं. पिवळं आपोआप मरत नाही. ऊन लागलं नाही, मग पाणी लागलं. पाणी आत कुठून गेलं? खिसा शिवताना पुठ्ठा सरकला असणार. सुई पिशवीला लागली असणार. सात महिन्यांचा घाम त्या भोकातून आत झिरपला आणि तिने स्वतःच्या हाताने रचलेल्या चोवीस थरांना त्याने खाऊन टाकलं.

एकदा असा हिशोब लागल्यावर तो तिच्या डोक्यातून हलेना. ती कामावर परतली, पण अंगठा गोंधळू लागला. एकच गठ्ठा ती तीन-तीनदा फिरवायची. कधी चोवीसच्या जागी पंचवीस म्हणायची आणि मुलगी काही न बोलता पुन्हा मोजून ठेवायची. घरी दोघी बायका एकमेकींसमोर ताट घेऊन बसत आणि ताटं तशीच उचलत. भावजय दोन-तीनदा म्हणाली, “वन्सं, मला काही बोलायचंय.” मावशी दर वेळी उठून गेली. तिला वाटायचं, ही आता विचारणार, तुम्ही काय शिवून ठेवलं होतं आत?

साहेबांनी तिला दुरुस्तीच्या बाकावर पाठवलं. “थोडे दिवस तिकडे बसा मावशी. तिथे मोजायचं काही नाही.”

तिथे बसून महिना झाला असेल. एके दिवशी पेट्यांच्या गाड्यांची ती कंपनी वीस जॅकेटं तपासणीला पाठवून मोकळी झाली. मावशी एकेक काढत होती. अकरावं हातात आलं आणि वजनावरूनच तिला कळलं. तिने ते उलटं केलं. आत तिचा खिसा होता. तिचा टाका होता, तिरपा, दुहेरी.

तिने ते बाकावर ठेवलं. मग दिवा जवळ ओढला आणि पुढची बाजू पाहिली. भोक नव्हतं. मागची पाहिली, दोन्ही कुशींवरून बोट फिरवलं. कुठेच काही नव्हतं. रक्ताचा डागसुद्धा नव्हता. तिने खिसा उसवला, पुडकं बाजूला ठेवलं आणि काळी पिशवी दिव्यावर धरून बोटाबोटाने तपासली. मग पिशवी दाबून हवा कुठून सुटते का ते गालाजवळ धरून पाहिलं. कुठूनच सुटेना.

सुई लागली नव्हती.

तो गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या छातीतून पूर्ण श्वास बाहेर पडला. “सुई लागली नव्हती रे,” ती हळू आवाजात म्हणाली. शेजारच्या बाईने वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

मग सवयीने मावशीने गठ्ठा बाकावर उताणा ठेवला आणि त्यावर दोन्ही तळवे फिरवले.

तो सपाट होता, नव्यासारखा. सात महिने अंगावर राहिलेल्या गठ्ठ्याला छातीचा बाक हवा, पोटाशी घडी हवी. दिवसभर गाडीत बसणाऱ्या माणसाची घडी तर आंधळ्यालाही सापडते. इथे काहीच नव्हतं. तिने पट्टे पाहिले. पट्ट्यांची चिकटपट्टी मात्र पार झिजली होती. तिच्यात शर्टाचे तंतू गच्च अडकले होते. दिवसातून अनेकदा उघडझाप झाल्याशिवाय पट्टी अशी होत नाही.

परक्या माणसाचं जॅकेट असतं तर मावशीने लगेच सांगितलं असतं, हा रोज घालतो आणि रोज काढून ठेवतो.

ती पुडकं घेऊन घरी आली. भावजय भांडी पुसत होती. मावशीने आठ थरांचं ते पुडकं टेबलावर ठेवलं. भावजयीच्या हातातला फडका तसाच राहिला.

“तुला माहीत होतं?” मावशीने विचारलं.

“हो, वन्सं.”

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून.” ती खुर्ची ओढून बसली. “उभं असताना छान वाटायचं म्हणाले. पण गाडीत बसलं की ते पुढचं सगळं वर सरकायचं आणि गळ्याशी यायचं. मान खाली करता यायची नाही. आठ तास तसंच. पट्टे सैल केले तर दोन्ही बाजूंनी टोचायचं. मग कोपऱ्यापर्यंत घालून जायचे आणि गाडीत बसलं की काढून खुंटीला अडकवायचे. पेटी घेऊन उतरताना घालायचे म्हणे. त्या दिवशी दुकान अगदी समोर होतं, दहा पावलांवर. म्हणून तसेच उतरले…”

तिने फडक्याची घडी घातली आणि पुन्हा उलगडली.

“मी म्हटलं होतं त्यांना, वन्संना सांगा, त्या कमी करून देतील. तर म्हणाले, ‘अजिबात नाही. तिला वाटेल मी तिचं काम फुकट घालवलं. तुला शपथ आहे.’ हसायचे वर. म्हणायचे, ‘गाडीत बसलं की ते गळ्याशी येतं ना, तेव्हा वाटतं आक्काने हनुवटी धरलीय आणि विचारतेय, अभ्यास केलास का?’”

मावशी तिच्यासमोर बसली. डाव्या हाताची चिमूट आपोआप जुळली होती, ती तिने पदराखाली लपवली.

“मी सांगायला हवं होतं,” भावजय रडू लागली. “मी शपथेत अडकले, तो ड्रायव्हरही. आणि नंतर तुम्ही ऐकूनच घेईनात.”

“तू कशाला सांगशील? मी विचारलं होतं कुठे?”

“रोज तर विचारायचात. ते दारात असताना.”

“मी विचारायचे, बसतंय ना. तो म्हणायचा, बसतंय.” मावशी थांबली. “एकोणतीस वर्षं लोकांच्या पोटाशी घडी बघतेय मी, हा बसून काम करतो म्हणून सांगतेय. आणि माझ्या भावाचं माप उभ्याने घेतलं. एकदासुद्धा म्हटलं नाही, बारक्या, जरा खुर्चीवर बसून दाखव.”

भावजय उठली, तिने डोळे पुसले, आणि ते पुडकं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटाच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

“तिथे कशाला?” मावशीने विचारलं.

“ऊन लागायला नको ना,” ती म्हणाली.

त्या जॅकेटचं आतलं अस्तर मावशीने दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तसं शिवलं. आता ते साधं, चोवीस थरांचं होतं. तपासणीत ते पास झालं आणि बाकीच्या एकोणिसांबरोबर परत गेलं. पण जाण्याआधी मावशी साहेबांच्या खोलीत गेली. आयुष्यातली तिची ही दुसरी मागणी.

“मला एक स्टूल पाहिजे.”

“बसायला? खुर्ची देतो की.”

“मला नको. जॅकेट घालून बघतील त्यांना. आणि पेट्यांच्या गाड्यांवरची माणसं इथे बोलवा. जॅकेट त्यांच्या अंगावर बघितल्याशिवाय द्यायचं नाही.”

“मावशी, आपण ठरलेल्या मापाने बनवतो. चोवीस म्हणजे चोवीस. त्यात बघायचं काय?”

“चोवीस मी मोजीन, साहेब. ते मला येतं. बाकीचं त्यांना विचारायला पाहिजे.”

साहेबांनी स्टूल दिलं आणि पेट्यांच्या कंपनीला फोन लावला.

पहिला आला तो पन्नाशीचा, पोट सुटलेला, घामाघूम झालेला गृहस्थ. जॅकेट चढवून आरशासमोर उभा राहिला आणि खूश झाला.

“झकास बसलंय हो, मावशी. पोटसुद्धा आत गेलं. द्या, कुठे सही करायची?”

“नीट बसलंय?”

“एकदम!”

“टोचत नाही? जड नाही वाटत?”

“छे हो. तुम्ही एवढं मेहनतीने करता, आम्ही काय नावं ठेवायची?”

मावशीने पायाने स्टूल पुढे सरकवलं.

“बसा.”

“आता कशाला? गाडी उभी आहे खाली.”

“उभी राहू दे. बसा म्हणते ना.”

तो बसला. जॅकेटची पुढची कड सरकत सरकत वर आली आणि त्याच्या हनुवटीखाली येऊन टेकली. त्याने मान वर केली, कसंनुसं हसला आणि दाबलेल्या तोंडाने म्हणाला, “थोडंसं लागतंय. पण चालेल, मावशी. सवय होईल.”

मावशी त्या कडेकडे बघत राहिली. तिचा डावा हात अर्धा वर आला होता. तो तिने खाली घेतला आणि खिशातला खडू काढला.

“नाही चालणार,” ती म्हणाली. “हलू नका. कुठे लागतंय ते बोट लावून दाखवा.”

त्याने बोट लावलं. तिने तिथे खूण केली, आणि डोळे पुसून पुन्हा एकदा केली, कारण पहिली वाकडी आली होती.